किनाबालू पार्कमधली रानऑर्किडं : पैसे कशावर खर्च करावेत, कशावर नाही

किनाबालूला ऑर्किडं पाहायला जाणाऱ्याने सगळ्यात आधी शिखराचा नाद सोडावा. मलेशियातल्या साबा राज्यातला हा डोंगर ४,०९५ मीटर उंच आहे. माथ्यावर जायचं तर परवाना, सक्तीचा गाईड आणि पानालाबानला सव्वातीन हजार मीटरवर एक रात्रीचा मुक्काम असं सगळं लागतं. हे प्रकरण महाग आहे आणि कित्येक महिने आधी बुक करावं लागतं. त्यातून चढताना नजर पायऱ्यांवर आणि घड्याळावर असते. ऑर्किडांचा दाट पट्टा साधारण बाराशे ते दोन हजार मीटरच्या दरम्यान आहे, आणि शिखरवाले त्यातला बहुतेक भाग चढ सुरू होण्याआधीच गाडीत बसून आणि उरलेला मान खाली घालून ओलांडून जातात. उलट पार्कचं मुख्यालय सुमारे दीड हजार मीटरवर, म्हणजे ऐन पट्ट्यात आहे. तिथे डांबरी रस्ता आहे, कॅन्टीन आहे, आखलेल्या पायवाटा आहेत. गुडघे कुरकुरणाऱ्या आजी-आजोबांनाही तिथे चांगली दोन-तीनशे पावलांची ऑर्किड-फेरी जमते.

म्हणून हे परीक्षण शिखराचं नाही. ते मुख्यालयातल्या माउंटन गार्डनच्या गाईडसह फेरीचं, भोवतालच्या पायवाटांचं, शिखराची वाट जिथून सुरू होते त्या टिंपोहोन फाटकाकडे जाणाऱ्या रस्त्याचं, पोरिंगच्या ऑर्किड केंद्राचं आणि कोटा किनाबालू शहरातून निघणाऱ्या एकदिवसीय सहलींचं आहे. शेवटच्या प्रकाराबद्दलचं मत आधीच सांगतो: ऑर्किडांसाठी जाणार असाल तर घेऊ नका. या सहली सकाळी शहरातून निघतात, नबालूच्या बाजारात थांबतात, पार्कमध्ये पोचेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. मग जेवण, मग पोरिंगची गरम कुंडं आणि उंच झुलता पूल, की परत. ऑर्किडांच्या वाट्याला उरलेला वेळ येतो, आणि तोही बहुधा पावसातला.

पार्क १९६४ साली स्थापन झालं. २००० साली ते जागतिक वारसा यादीत गेलं. क्षेत्रफळ ७५४ चौरस किलोमीटर, म्हणजे फार मोठं नाही. पण नोंदलेल्या ऑर्किडांच्या जाती सातशेच्या वर आहेत. अख्ख्या भारतात मिळून साडेबाराशेच्या आसपास जाती आहेत, यावरून अंदाज यावा. कारण उंचीत आणि मातीत आहे. पायथ्याशी डिप्टेरोकार्प वृक्षांचं घनदाट जंगल, त्यावर ओक-चेस्टनटच्या कुळातली झाडं, त्यावर शेवाळाने लडबडलेलं खुजं रान आणि शेवटी उघडा ग्रॅनाइट. मध्ये मध्ये अल्ट्रामाफिक खडकाचे पट्टे आहेत. त्यांच्या मातीत निकेल, मॅग्नेशियम जास्त आणि पोषक द्रव्यं कमी, त्यामुळे मोजक्याच वनस्पती तिथे टिकतात. त्यातल्या काही जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. शिवाय बहुतेक रोज दुपारी ढग उतरतात. झाडावर उगवणाऱ्या ऑर्किडाच्या मुळांना मातीतून नाही, हवेतून आणि सालीवरून पाणी घ्यावं लागतं, तेव्हा त्या ढगांवरच त्यांचं चालतं.

अपेक्षेचा मुद्दा इथेच मोकळा करू. आपल्या सह्याद्रीत आमरींचं, म्हणजे ऑर्किडांचं, वेळापत्रक पावसाला बांधलेलं असतं. सीतेची वेणी मे-जूनमध्ये, हबेनारिया ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. महिना चुकला की नुसती पानं. किनाबालूला असा एकच हंगाम नाही. कुठल्याही आठवड्यात गेलात तरी काही जाती फुललेल्या असतात, आणि कुठल्याही आठवड्यात गेलात तरी बहुतेक जाती फुललेल्या नसतात. त्यामुळे ठरावीक एका फुलाची यादी घेऊन जाणारा हिरमुसतो. जे दिसेल ते बारकाईने पाहणाऱ्याची चांदी होते. आणि 'ऑर्किड' म्हटल्यावर फुलवाल्याकडचं तळहाताएवढं जांभळं फूल डोळ्यांपुढे येत असेल, तर ते चित्र घरी ठेवूनच निघा. इथली बरीच फुलं एक सेंटिमीटरच्या आतली आहेत, काही दोन-तीन मिलिमीटरची.

माउंटन गार्डनची फेरी

गार्डन मुख्यालयाच्या आवारातच आहे. गाईडसह फेऱ्या सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता निघतात. पार्कच्या प्रवेशशुल्काखेरीज वेगळं, पण किरकोळ तिकीट आहे. (प्रवेशशुल्काचा परदेशी पाहुण्यांसाठीचा दर स्थानिकांपेक्षा बराच जास्त असतो, तो निघण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. फेऱ्यांच्या वेळाही आदल्या दिवशी फाटकावर विचाराव्यात.) तिन्हींपैकी ९ ची फेरीच धरा. बाराला ऊन डोक्यावर येतं, पांढरी-पिवळी फुलं फोटोत जळतात आणि सावल्या काळ्याकुट्ट पडतात. तीनची फेरी पावसात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त, कारण ढग दुपारीच भरतात.

फेरी साधारण तासाभराची. पैशांच्या मानाने या सहलीत सगळ्यात जास्त देणारी गोष्ट हीच, पण तिचा उपयोग नीट करून घ्यावा लागतो. गाईडचा नेहमीचा कार्यक्रम घटपर्णी, औषधी वनस्पती, आलं-हळदीच्या कुळातली रानटी फुलं आणि ऑर्किडं असा संमिश्र असतो. सुरुवातीलाच "आम्हाला ऑर्किडं जास्त बघायची आहेत, त्यातही आज फुललेली" असं सांगितलंत की तो वाट बदलतो. न सांगता चाललात तर घटपर्णीपाशी निम्मी फेरी सरते. दुसरं, घोळका मोठा असेल तर शेवटी राहू नका. लहान फूल दाखवताना गाईड बोट लावतो, दोन वाक्यं बोलतो आणि पुढे निघतो. मागच्यांना नुसतं बोट दिसतं. फोटो काढत बसलात तरीही हेच होतं. फेरीत फक्त पाहा, जागा लक्षात ठेवा. नंतर एकट्याने पुन्हा फिरता येईल का, हे तिकीट घेतानाच विचारून ठेवा.

इथे शिकायचं काय? तीन आकार. पहिला डेंड्रोकिलमचा. शेंगदाण्याएवढ्या फुगीर कंदाला एकच लांबट पान आणि त्यातून बाहेर पडून लोंबणारी बारीक दांडी. दांडीवर दोन्ही बाजूंना ओळीने चिकटलेली इवली फुलं, अबोलीचा गजरा विणल्यासारखी नेटकी. जवळ नाक नेलंत तर काहींना गोडसर वास येतो. बोर्निओ हे या गटाचं मोठं माहेर आहे. एक सूचना: २०२१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी डेंड्रोकिलम आणि फोलिडोटा हे दोन्ही गट सीलोगायनीत विलीन केले. त्यामुळे जुन्या क्षेत्रपुस्तिकेत एक नाव, नव्या नोंदीत दुसरं आणि फलकावर तिसरंच दिसलं तर गोंधळू नका, झाड एकच असतं.

दुसरा बल्बोफायलमचा. जगात दोन हजारांवर जाती असलेला हा ऑर्किडांतला सगळ्यात मोठा गट. सरपटणाऱ्या खोडावर अंतराअंतराने कंद, प्रत्येक कंदाला सहसा एक जाड पान. फूल बहुधा कंदाच्या बुडाशी असतं, म्हणून वरून पाहणाऱ्याला ते दिसतच नाही. खाली वाकायला लागतं. भिंगातून पाहिलंत तर मधली पाकळी, म्हणजे ओठ, बिजागरीवर बसवलेला दिसेल. तुमच्या श्वासानेही तो वरखाली हलतो. माशी त्यावर बसली की तोल जाऊन ओठ आत झुकतो, माशी फुलाच्या मधल्या खांबासारख्या भागावर आपटते आणि परागपिंड तिच्या पाठीला चिकटतो. अनेक जातींना कुजक्या मांसाचा किंवा माशाचा वास येतो तो याच गिऱ्हाइकासाठी. फोटो काढताना श्वास रोखा, नाहीतर ओठ दर वेळी अस्पष्ट येणार.

तिसरा जमिनीवरच्या शेवाळातला. कोरिबास हे त्याचं उत्तम उदाहरण: जमिनीलगत हृदयाच्या आकाराचं एकच पान, त्यावर टेकून बसलेलं टोपीसारखं वळलेलं फूल. हे पाहायला गुडघे टेकावे लागतात, आणि टेकण्याआधी आपण कशावर टेकतोय ते पाहावं लागतं. याचमुळे पायवाट सोडायची नाही. एका बुटाखाली शेवाळाचा जो तुकडा जातो त्यात अशी पाच-दहा रोपं सहज असू शकतात.

हे तीन आकार डोळ्यांत बसले की गार्डनचे पैसे वसूल. मात्र गार्डनमधली झाडं याच डोंगरावरच्या जातींची असली तरी लावलेली किंवा जपलेली आहेत. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो चढवणार असाल तर 'लागवडीतलं' अशी खूण करा. ती न केल्याने नोंदींचे नकाशे बिघडतात, आणि नंतर खऱ्या रानातल्या नोंदींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

रस्ता आणि पायवाटा

आता रान. मुख्यालयापासून टिंपोहोन फाटकापर्यंत चार-पाच किलोमीटरचा चढता डांबरी रस्ता आहे. पायवाटा सोडून रस्त्यावर काय बघायचं, असं वाटेल. पण झाडावरची ऑर्किडं पाहायला मुख्यालयाच्या परिसरात या रस्त्याइतकी चांगली जागा नाही. डोंगरउतारावर कापलेला रस्ता असतो तेव्हा दरीकडच्या झाडांचे शेंडे रस्त्याच्या पातळीला येतात. जंगलात जी फांदी तीस मीटर वर असते, ती इथे डोळ्यांसमोर. डोंगराकडच्या बाजूला कापलेली दरड असते. तिच्यावर जमिनीवरची ऑर्किडं येतात: पिवळी-जांभळी स्पॅथोग्लॉटिस आणि बांबूसारख्या काटक्यांची अरुंडिना. अरुंडिना भारतातही आहे. तिचं फूल दोन-तीन दिवसांत गळतं, तेव्हा ताजं दिसलं तर लगेच फोटो काढून घ्या.

करायचं असं: सकाळी लवकर पार्कच्या व्हॅनने टिंपोहोनपर्यंत वर जा (वेगळे पैसे पडतात) आणि चालत खाली या. फाटकापलीकडे परवान्याशिवाय सोडत नाहीत, त्याची गरजही नाही. चार-पाच किलोमीटर उतरायला ऑर्किडवाल्याला तीन तास लागले पाहिजेत. दीड तासात खाली पोचलात तर तुम्ही फिरायला गेला होतात, पाहायला नव्हे. शिखराच्या गाड्यांची सकाळी वर्दळ असते, वळणांवर दरीच्या कठड्याला चिकटून उभे राहू नका. दुर्बीण ८ पट पुरते, पण ती दोन मीटरवरचं स्पष्ट दाखवणारी हवी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या बऱ्याच दुर्बिणी तीन-चार मीटरच्या आत काहीच दाखवत नाहीत, आणि इथलं फूल नेमकं तेवढ्यात असतं. घरच्या गॅलरीत तपासून निघा.

पायवाटांत सिलाऊ-सिलाऊ ओढ्याकाठून जाते. सोपी, सावलीची, ओली. तिथे वर बघण्यापेक्षा शेवाळी खोडांचे बुंधे आणि दगड बघा. झाडावरच्या ऑर्किडांना उजेडही लागतो, म्हणून ती दरीच्या तळापेक्षा कडेच्या सोंडांवर जास्त दिसतात. त्यासाठी किआऊ व्ह्यू आणि बुकित उलार या वाटा चांगल्या. लिवागू सगळ्यात लांब, निसरडी आणि चढउतारांची. ऑर्किडांच्या मानाने कष्ट जास्त, तिसऱ्या दिवशी वेळ उरला तरच. पहाटे धुकं नसेल तर शिखर साधारण नऊपर्यंत दिसतं, पुढे ढगात जातं. तेव्हा फोटोचा हट्ट असेल तर तो नऊच्या आत उरकावा.

नवखे एक गोष्ट हमखास विसरतात: पायाखाली पडलेल्या फांद्या. रात्री वाऱ्यापावसात ओल्या शेवाळाच्या वजनाने वरच्या फांद्या मोडतात आणि वीस-तीस मीटर उंचीवरचं ऑर्किडांचं जग वाटेवर येऊन पडतं. कधी फुलांसकट. सकाळची पहिली फेरी त्यासाठीच करायची. प्रत्येक पडलेली फांदी फिरवून, भिंगाने पाहायची आणि होती तिथे ठेवायची. ती उचलून पिशवीत घालणं हा पार्कच्या कायद्याने गुन्हा आहे, "नाहीतरी मरणारच होतं" हे कारण फाटकावर चालत नाही.

भिंग १० पटीचं घ्या, २० चं नको. वीसचं भिंग दाखवतं जास्त, पण क्षेत्र इतकं लहान आणि अंतर इतकं कमी की वाऱ्यावर हलणारं फूल त्यात सापडत नाही. वापरताना भिंग फुलाजवळ न धरता डोळ्याला टेकवायचं, आणि मग डोकं पुढे नेत फूल स्पष्ट होईपर्यंत जायचं. अंतर साधारण अडीच सेंटिमीटर. हात लांब करून भिंग फुलापाशी धरणारे "काहीच दिसत नाही" म्हणून तक्रार करतात, ते यामुळे. मोबाईलला चिमट्याने लावायची मॅक्रो भिंगंही ठीक काम देतात. फ्लॅश बंद ठेवा, ओल्या पाकळ्या चकाकतात. वातानुकूलित खोलीतून बाहेर पडताना कॅमेरा हवाबंद पिशवीत ठेवा आणि अर्ध्या तासाने बाहेर काढा, नाहीतर काचेवर धुकं धरतं आणि सकाळचा सगळ्यात चांगला तास पुसण्यात जातो.

नंतर ओळख पटवायची असेल तर एका झाडाचे पाच फोटो लागतात: झाड ज्यावर उगवलंय त्यासकट पूर्ण; कंद आणि पान; फूल समोरून; फूल बाजूने, मागचं शिंगटासारखं टोक असेल तर ते दिसेल असं; आणि शेजारी नाणं किंवा मोजपट्टी. लोक फक्त समोरून फूल काढतात, आणि त्यावरून तज्ज्ञालाही अनेकदा गटापलीकडे सांगता येत नाही.

रॉथ्सचाइल्डचं काय?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. पॅफिओपेडिलम रॉथ्सचाइल्डियानम, म्हणजे चपलेसारखी पिशवी असलेल्या गटातलं राजेशाही फूल. दोन्ही बाजूच्या ठिपकेदार पाकळ्या आडव्या ताणलेल्या, टोकापासून टोकापर्यंत जवळपास तीस सेंटिमीटर. जगात फक्त किनाबालूच्या आसपास, पाचशे ते बाराशे मीटरच्या पट्ट्यात, हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या जागी. १८८८ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. युरोपातल्या व्यापाऱ्याने प्रतिस्पर्ध्यांना चकवायला ते न्यू गिनीचं आहे असं पसरवलं, आणि खरी जागा पुन्हा सापडायला १९५९ उजाडलं. बी रुजल्यापासून फूल यायला दहा-पंधरा वर्षं लागू शकतात, आणि चोरांनी जागा कळल्या की रोपं उपटून नेली आहेत. म्हणून त्या जागा गुप्त आहेत, बंद आहेत, आणि तशाच राहाव्यात. "रानातलं रॉथ्सचाइल्ड दाखवतो" म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर एक तर तो थापा मारतोय किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतोय.

लागवडीतलं मात्र मुख्यालयाच्या गार्डनमध्ये किंवा पोरिंगला पाहायला मिळू शकतं, फुललेलं असेल तर. एप्रिल-मेमध्ये शक्यता जास्त. मिळालं तर पाकळ्यांवर भाळून पुढे जाऊ नका, मधोमध पाहा. तिथल्या ढालीवर बारीक ग्रंथीयुक्त केस असतात, ते मावा किडीच्या झुबक्यासारखे दिसतात. एका जातीच्या फुलमाशीची पिल्लं मावा खातात, म्हणून मादी फसून तिथे अंडी घालायला येते आणि घसरून पिशवीत पडते. बाहेर पडायला मागचा एकच अरुंद मार्ग, तिथे परागकण अंगाला लागतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना खायला काहीच नसतं, ती मरतात. फुलाला त्याचं सोयरसुतक नाही. जीवशास्त्रज्ञ जॉन अ‍ॅटवुड यांनी १९८५ मध्ये हे मांडलं.

पोरिंग : अर्धा दिवस, जास्त नाही

पोरिंग मुख्यालयापासून चाळीसेक किलोमीटरवर, सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे. इथे उकाडा असतो. कुंडं, झुलता पूल, फुलपाखरांची बाग असा जत्रेचा माहोल, शनिवार-रविवारी तर बोलायलाच नको. ऑर्किड केंद्रासाठी वेगळं तिकीट. सखल भागातल्या जाती, ज्या मुख्यालयात थंडीमुळे टिकत नाहीत, त्या इथे पाहायला मिळतात, एवढ्यासाठी अर्धा दिवस सार्थकी लागतो. पण एकाही फुलाची हमी नाही. तिकीट काढण्याआधी "आज काय फुललंय?" हे विचारा, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर केंद्र सोडून लांगनान धबधब्याच्या वाटेवर चाला. तिथे जळवा आहेत. पँट मोज्यात खोचून चालणं पुरतं, जळूमोजे असतील तर उत्तम. मीठ चोळण्यापेक्षा नखाने तोंडाकडची बाजू सोडवा, रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.

पोरिंगच्या रस्त्यावर 'रॅफ्लेशिया फुललंय' असे फलक दिसतात. ते ऑर्किड नव्हे, पण फूल पाच-सात दिवसच टिकतं, तेव्हा फलक असेल तर थांबावं. शेतकरी आपल्या जागेतली फुलं पैसे घेऊन दाखवतात आणि त्या पैशांमुळेच ती राखली जातात. आधी फुलाचं वय विचारा. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ते काळं पडायला लागतं, तरी दर तोच असतो.

जाण्यायेण्याचं, खाण्याचं

मुंबईहून क्वालालंपूर पाच तास, तिथून कोटा किनाबालू अडीच तास. भारतीयांना मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही, ही सवलत डिसेंबर २०२६ अखेरपर्यंत जाहीर आहे, तरी तिकीट काढण्याआधी ताजी स्थिती पाहा. डिजिटल आगमनपत्र पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. ते फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं बनावट समजा. साबाची स्वतःची वेगळी इमिग्रेशन तपासणी आहे. देशांतर्गत विमान असलं तरी कोटा किनाबालूला पासपोर्टवर पुन्हा शिक्का बसतो. क्वालालंपूरला जोडविमान घेतानाही वेळ सढळ ठेवा.

शहरातून पार्क नव्वदेक किलोमीटर, दोन तास. रानाऊकडे जाणाऱ्या शेअर व्हॅन फाटकाशी सोडतात, पण त्या भरल्याशिवाय निघत नाहीत आणि दुपार कलल्यावर परतीची गाडी मिळवणं जिकिरीचं होतं. चौघे असाल तर गाडी ठरवणंच परवडतं. मुक्काम शहरात नको. पार्कमधल्या खोल्या महाग आहेत, पण सकाळी सहाला दार उघडलं की रानातच असता. फाटकाबाहेर आणि सहा किलोमीटरवरच्या कुंडासांगला स्वस्त खोल्या आहेत. ऑर्किडांसाठी मुख्यालयाजवळ तीन रात्री हव्यात. दोन केल्या तर एखादी सकाळ पावसात जाते आणि मग दुसऱ्या सकाळी सगळंच उरकावं लागतं.

फेब्रुवारी ते एप्रिल तुलनेने कोरडे. आपल्या उन्हाळी सुट्टीचा पहिला भाग त्यात बसतो. नोव्हेंबर ते जानेवारी सर्वांत ओले. रात्री पारा पंधराच्या खाली येऊ शकतो, एक स्वेटर हवाच. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण भिंग आणि कॅमेरा सांभाळताना तिसरा हात नसतो.

शाकाहारींनी जरा जपून. कुंडासांग भाजीपाल्याचं गाव आहे, रस्त्याकडेला ताज्या भाज्यांचे ढीग असतात, पण त्याच भाज्या हॉटेलात बलाचान, म्हणजे कोळंबीच्या वाटणात परततात. 'नासी गोरेंग सायुर', म्हणजे भाज्या घालून परतलेला भात, मागवला तरी वर सुकी मासळी येऊ शकते. मागवताना "तान्पा बलाचान, तान्पा इकान बिलिस" हे सांगावं. सोबत दशम्या, मेतकूट आणि चटणी असेल तर दुपारी कॅन्टीनच्या रांगेत उभं राहायचा वेळही वाचतो.

गाईड वेगळा ठरवायचा असेल तर शिखराचा नको. तो उत्तम गिर्यारोहक असेल, पण त्याला फुलांची नावं यायलाच हवीत असं नाही. पक्षीनिरीक्षकांना फिरवणारे गाईड बरेचदा जास्त उपयोगी, कारण ते रोज त्याच रस्त्यावर असतात आणि कोणतं झाड फुललंय हे त्यांना ठाऊक असतं. पैसे ठरवण्याआधी एकच प्रश्न: गेल्या आठवड्यात रस्त्यावर कोणती ऑर्किडं फुललेली पाहिलीत? दोन नावं आणि दोन वळणं सांगता आली तर घ्या.

कोटा किनाबालूला परतल्यावर एखादा दिवस हाताशी असेल तर रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांवर नजर ठेवा. मलेशियातल्या शहरांत डेंड्रोबियम क्रुमेनाटम, म्हणजे पांढरं कबुतर-ऑर्किड, जुन्या झाडांवर आपोआप येतं. अचानक पाऊस पडून हवा गार झाली की नवव्या दिवशी परिसरातली त्याची सगळी रोपं एकदमच फुलतात आणि फुलं एका दिवसात मिटतात. म्हणजे येताना पाऊस लागला असेल तर तारीख मोजून ठेवायला हरकत नाही.

बाजारात रोपं विकायला दिसतील. भारतात आणायची तर साइट्सचा (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) निर्यात परवाना, वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र आणि भारताचा आयात परवाना असे तीन कागद लागतात. विक्रेता फक्त बिल देत असेल तर मुंबईच्या विमानतळावर रोपं जप्त होतात. रॉथ्सचाइल्ड तर साइट्सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, रानातल्या रोपाचा व्यापारच बंद. रानातून उपटलेलं रोप ओळखता येतं: पानांवर किड्यांच्या खुणा, कुंडीत कोवळ्या मुळांऐवजी तुटकी जाड मुळं, आणि बुडाला अजून चिकटलेली साल किंवा शेवाळ. असं रोप घरी पोचलं तरी मुंबई-पुण्याच्या उन्हाळ्यात तग धरत नाही. त्याला रोजचा ढग हवा असतो आणि रात्रीचे पंधरा अंश. फोटोही चढवताना ठिकाणाचा अचूक बिंदू लपवा, 'किनाबालू पार्क' एवढं पुरे. आयनॅचरलिस्टवर त्यासाठी स्थान अस्पष्ट करण्याचा पर्याय आहे, आणि फोन स्वतःहून फोटोत अक्षांश-रेखांश नोंदवतो तो कॅमेऱ्याच्या सेटिंगमधून विमान पकडण्याआधीच बंद करावा.